वाढते पोट आणि पुरुषाचे संप्रेरक



आजचा विषय चारचौघांत सहसा निघत नाही. निघालाच तर थट्टेत निघतो आणि थट्टेतच संपतो. पुरुषाला चाळिशी लागते. पोट हळूहळू पुढे येते, कमरेचा पट्टा एकेक भोक सैल करावा लागतो. शेताच्या बांधापर्यंत चालले तरी दम लागतो. दुपारचे जेवण झाले की डोळे मिटू लागतात. कशात मन रमत नाही, आणि नवराबायकोच्या नात्यातली ओढही कमी झाल्यासारखी वाटते. मग एखादा मित्र हळूच कानाशी लागतो, "अरे, तुझं हॉर्मोन कमी झालं असणार. इंजेक्शन घे. पोटही जाईल आणि जोमही येईल." हाच सल्ला आता मोबाईलवरच्या जाहिराती देतात, आणि एसटी स्टँडमागच्या भिंतींवर तो वेगळ्या शब्दांत रंगवलेला असतो.

ह्या सल्ल्यात थोडे खरे आहे, आणि म्हणूनच तो फसवतो. मी काही वैद्य नव्हे; महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. औषध सांगणे हा माझा अधिकार नाही. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्यांतले कारण कोणते आणि कार्य कोणते, हा प्रश्न मात्र तर्काचा आहे. वाढलेले पोट आणि घटलेले संप्रेरक पुष्कळदा एकाच माणसात सापडतात. मग संप्रेरक घटले म्हणून पोट वाढले, की पोट वाढले म्हणून संप्रेरक घटले? उत्तर चुकले तर पैसा जातो. आणि तरुण वयात चुकले तर त्याहून मोलाचे काही जाऊ शकते. ते काय, ते पुढे सांगणारच आहे.

शेतकरी मंडळींना ह्यातली पहिली गोष्ट नव्याने शिकवायला नको. वळूची मान, त्याचे वशिंड, त्याचा ताठा आणि खच्ची केलेल्या बैलाचा शांतपणा ही दोन्ही रूपे त्यांनी रोज पाहिलेली आहेत. खच्ची केलेला बोकड चरबी धरतो, हेही खाटकापासून धनगरापर्यंत सर्वांना ठाऊक असते. म्हणजे नराच्या वृषणांतून असे काहीतरी निघते की ज्याने स्नायू भरतात, अंगात रग राहते आणि चरबीला आळा बसतो, हे ज्ञान गावात फार जुने आहे.

शास्त्रज्ञांनी त्याला प्रयोगाचे रूप दिले ते १८४९ साली. जर्मनीत गटिंगेन येथे बर्टोल्ड नावाच्या प्राध्यापकांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. ज्यांचे वृषण काढून टाकले त्यांचा तुरा सुकला, आरवणे गेले, झुंजणेही गेले. पण ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा रोवला, ते पहिल्यासारखेच ऐटीत आरवू लागले. वृषण मूळ जागी नव्हता, त्याच्या जुन्या नसाही जुळलेल्या नव्हत्या. तेव्हा जे काही काम करत होते ते रक्तातून सगळ्या अंगात जात होते. अशा रक्तातून फिरणाऱ्या निरोप्या द्रव्यांना १९०५ साली स्टार्लिंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने हॉर्मोन हे नाव दिले. मराठीत आपण त्यांना संप्रेरके म्हणतो.

ह्या कथेत एक गमतीदार प्रकरण आहे. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार ह्या ७२ वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला, आणि आपण पुन्हा तरुण झाल्याचे विद्वानांच्या सभेत जाहीर केले. झाले! अशा अर्कांचा बाजार युरोप-अमेरिकेत फोफावला. पुढे कळून आले की पाण्यात काढलेल्या त्या अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतेच. जो जोम वाटला तो मनाचा होता. खरे संप्रेरक शुद्ध स्वरूपात हाती आले ते १९३५ साली, ॲमस्टरडॅममध्ये, बैलांच्या वृषणांतून. त्याचे नाव टेस्टोस्टेरॉन. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का ह्यांनी ते प्रयोगशाळेत तयारही केले, आणि १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ह्या दोघांना विभागून मिळाले.

वयात येताना मुलाचा आवाज फुटतो, मिसरूड येते, खांदे रुंदावतात ते ह्याच्यामुळे. पुढे आयुष्यभर स्नायू, हाडे, रक्तातल्या तांबड्या पेशी, कामेच्छा आणि शुक्राणूंची निर्मिती ह्यांवर त्याचा अंमल चालतो.

आता आपल्या प्रश्नाची पहिली बाजू पाहू. संप्रेरक घटले तर माणसाची चरबी वाढते का? हो, वाढते. त्याचा निर्विवाद पुरावा एका आजाराच्या उपचारांतून मिळतो. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात काही रुग्णांचे टेस्टोस्टेरॉन औषधाने मुद्दाम जवळजवळ शून्यावर आणतात, कारण ती गाठ त्याच्यावर पोसते. अशा रुग्णांच्या अंगावरची चरबी एका वर्षात सुमारे १० टक्क्यांनी वाढल्याचे आणि स्नायू २-३ टक्क्यांनी घटल्याचे मोजमापांत दिसले आहे. बोकडाचीच गोष्ट माणसातही खरी ठरली. तेव्हा मित्राचा सल्ला अगदीच निराधार नाही.

पण मंडळी, हे उदाहरण टोकाचे आहे. तिथे संप्रेरक नाहीसे केलेले असते. आपल्या गावातल्या चाळिशीच्या माणसाचे तसे झालेले नसते. त्याच्या बाबतीत बहुधा दुसरी बाजू खरी असते, आणि ती समजून घ्यायला शरीरातली व्यवस्था थोडी पाहावी लागेल.

घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी रिकामी होऊ लागली की मोटर आपोआप सुरू होते, भरली की बंद पडते. शरीरातही अशीच योजना आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका म्हणतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी झाले की मेंदू ह्या ग्रंथीला डिवचतो, ती वृषणांना हुकूम पाठवते आणि वृषण काम वाढवतात. पुरेसे झाले की हुकूम थांबतो.

ह्या व्यवस्थेत पोटावरची चरबी तीन-चार वाटांनी ढवळाढवळ करते. चरबी म्हणजे नुसता कोठारात पडलेला माल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती एक चालती भट्टी आहे. तिच्यात ॲरोमॅटेज नावाचे एक विकर असते. ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेन ह्या संप्रेरकात करते. इस्ट्रोजेन पुरुषाच्या शरीरातही थोडे लागतेच. पण चरबी वाढली की हे रूपांतर वाढते, आणि इस्ट्रोजेन पाहून मेंदूला वाटते की टाकी भरली. मोटर मंदावते. दुसरी वाट दाहाची. पोटातल्या आतड्यांभोवतीची चरबी बारीक धुमसत्या शेकोटीसारखी दाहक द्रव्ये रक्तात सोडत राहते. त्यांनीही मेंदूचा हुकूम दबतो. तिसरी वाट झोपेची. लठ्ठ माणसाचा गळा झोपेत आवळला जातो, तो मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकतो. झोप तुटत राहते. टेस्टोस्टेरॉनची भरती मुख्यतः झोपेत होते आणि सकाळी ते सर्वांत जास्त असते. झोपच तुटली तर भरती कुठून होणार? शिकागो येथे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १० निरोगी तरुणांना आठवडाभर रोज फक्त ५ तास झोपू दिले. त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले. ते लठ्ठ नव्हते, म्हातारे नव्हते; फक्त जागले होते. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणारा शेतकरी आणि अंथरुणात मध्यरात्रीपर्यंत मोबाईल पाहणारा त्याचा मुलगा, दोघांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

चौथी वाट जरा निराळी आहे. रक्तात टेस्टोस्टेरॉन बहुतांशी प्रथिनांना चिकटून फिरते. थोडेसेच मोकळे असते. एखाद्याच्या घरी काही पैसा पेटीत कुलपात आणि काही खिशात असावा, तसे हे. लठ्ठपणात इन्सुलिनचा जोर वाढतो आणि त्याला घट्ट धरून ठेवणारे वाहक प्रथिन कमी होते, म्हणजे पेटीच लहान होते. मग एकूण मोजणी केली तर आकडा कमी येतो. पण खिशातला पैसा, म्हणजे मोकळे संप्रेरक, कित्येकदा ठीकच असते. असा माणूस कागदावर गरीब दिसतो, प्रत्यक्षात नसतो. नुसत्या एका आकड्यावरून जो कोणी इंजेक्शन सुचवतो त्याने हा हिशेब केलेला नसतो.

तेव्हा कार्यकारणभाव दोन्ही दिशांनी वाहतो. पोट वाढले की संप्रेरक घटते; ते घटले की स्नायू झिजतात, आळस येतो, हालचाल कमी होते आणि पोट आणखी वाढते. घाण्याच्या बैलासारखे हे फेरे चालू राहतात. पण फेरा कुठूनही तोडता येत असला तरी बहुतेकांच्या बाबतीत त्याची सुरुवात पोटाकडून झालेली असते. युरोपातल्या आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांची एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यांत उतारवयातला खरा संप्रेरक-अभाव, म्हणजे आकडाही कमी आणि लक्षणेही ठळक, असा फक्त २ टक्क्यांच्या आसपास पुरुषांत आढळला. चाळिशीतल्या पुरुषांत तर हजारी एक. ह्याच पुरुषांना काही वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा ज्यांचे वजन वाढले होते त्यांचे टेस्टोस्टेरॉन उतरलेले आणि ज्यांनी वजन बरेच घटवले होते त्यांचे चढलेले दिसले. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर हा आकडा चांगलाच वर येतो, हेही अनेक ठिकाणी पाहिले गेले आहे. पोट उतरले की मोटर पुन्हा चालू लागते.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, मी काही लठ्ठ नाही. हातपाय तर काड्यांसारखे आहेत." इथेच आपल्या देशातली एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि बालकांचा अभ्यास १९९३ पासून चालवला. आपल्याकडची बाळे वजनाने हलकी, पण त्या हलक्या अंगातही चरबीचा वाटा जास्त, असे त्यांना दिसून आले. पुढे २००४ साली त्यांनी आणि जॉन युडकिन ह्या इंग्रज डॉक्टर मित्राने स्वतःचीच तुलना छापली. उंची-वजनाचे प्रमाण दोघांचे अगदी सारखे, २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. भारतीय पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या, आत असावा असे धरतात. आणि हा घेर पँटच्या मापावरून काढू नका बरं का! आपण पँट पोटाच्या खाली बांधतो आणि माप तेच राहिले म्हणून खूश होतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड ह्यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप लावायची.

मग इंजेक्शनाने पोट का उतरवू नये? ह्याचा अभ्यास झालेला आहे. टेस्टोस्टेरॉन दिले की चरबी काही किलोने कमी होते, स्नायू काही किलोने वाढतात. काट्यावरचा आकडा फारसा हलत नाही. ऑस्ट्रेलियात २०२१ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ५० ते ७४ वयाचे, पोट सुटलेले, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे किंवा नुकताच मधुमेह झालेले १,००७ पुरुष तिच्यात होते. सर्वांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला. अर्ध्यांना त्यासोबत टेस्टोस्टेरॉन आणि अर्ध्यांना औषध नसलेली सुई. दोन वर्षांनी औषधवाल्या गटात १२ टक्क्यांना मधुमेह होता, दुसऱ्या गटात २१ टक्क्यांना. फायदा झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण औषधवाल्यांत जवळजवळ पाचांतल्या एकाहून अधिकांचे रक्त धोक्याच्या रेषेपलीकडे दाट झाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांवर पुरुषांच्या दुसऱ्या एका चाचणीत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत. मात्र हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी ही प्रकरणे औषध घेणाऱ्यांत जास्त आढळली. ह्या चाचण्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वरचेवर रक्त तपासून झालेल्या होत्या. तालमीच्या मागच्या खोलीत कोणी दिलेल्या सुईला अशी देखरेख नसते.

आणि आता ती मोलाची गोष्ट. पुन्हा टाकी डोळ्यांपुढे आणा. बाहेरून टँकर आणून टाकी भरली तर काय होईल? मोटर बंद पडेल. बाहेरचे टेस्टोस्टेरॉन रक्तात आले की मेंदू हुकूम थांबवतो आणि वृषण कामावरून बसतात. शुक्राणू तयार व्हायला वृषणांच्या आतले संप्रेरक लागते आणि ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असावे लागते; बाहेरची सुई ते पुरवू शकत नाही. म्हणून ज्या औषधाची जाहिरात मर्दानगी वाढवणारे म्हणून होते, त्याच औषधाची परीक्षा जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून केली! १९९० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचले. त्यांपैकी १५७ जणांच्या वीर्यात सहा महिन्यांच्या आत एकही शुक्राणू उरला नाही. औषध थांबवल्यावर बहुतेकांची निर्मिती परत येते, पण तिला महिने लागतात; आणि मनाला येईल तसा, वर्षानुवर्षे, भलत्या मात्रेत मारा केला तर ती कधी आणि किती परत येईल, ह्याची हमी नाही. लग्न होऊन दोन वर्षे झाली, मूल नाही, सासरी सुनेला बोल लावला जातो आहे, देवाला नवस चालले आहेत. आणि कारण मात्र तालमीतल्या त्या सुईत दडलेले आहे, असे होऊ शकते. त्या मुलीने हा दोष का म्हणून सोसायचा?

ह्याचा अर्थ संप्रेरकाचा खरा अभाव कोणालाच नसतो असा नाही. तरुणपणी गालगुंड होऊन वृषण सुजलेले, वृषणांना इजा झालेली, पीयूषिका ग्रंथीत गाठ, जन्मजात दोष, काही वेदनाशामक औषधे दीर्घकाळ घेतलेली, अशा पुरुषांना हा अभाव खराच असतो, आणि त्यांना उपचाराने नवे आयुष्य मिळते. कामेच्छा मंदावली, पहाटेची नैसर्गिक उत्तेजना बंद झाली, दाढी विरळ होऊ लागली, विनाकारण रक्त कमी झाले, तर लाजू नये, डॉक्टरांकडे जावे. तपासणी सकाळी, उपाशीपोटी करावी आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा करावी. थकवा आणि उदासपणा थायरॉईडने येतो, मधुमेहाने येतो, कर्जाच्या काळजीनेही येतो. त्यांचाही शोध घ्यावा लागतो. आणि मूल हवे असेल तर डॉक्टरांना ते पहिल्यांदा सांगावे, कारण अशांसाठी उपचार वेगळा असतो.

बाकीच्या पुष्कळांसाठी वाट साधी आहे, सोपी नसली तरी. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आली, अंग हलणे थांबले, पण ताट तेवढेच राहिले, उलट दिवसाला सहा वेळा गोड चहा आणि फरसाण त्यात मिळाले. रोज तासभर झपाझप चालावे. आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका काढाव्यात किंवा ओझे उचलण्याचे काम करावे, म्हणजे स्नायू राहतील. ताटात भात थोडा कमी, उसळ आणि भाजी थोडी जास्त घ्यावी. दारू वृषणांनाही सोडत नाही, हे ओळखून ती टाळावी. सात तास झोपावे. घोरताना श्वास अडकत असेल तर त्यासाठी वेगळे तपासून घ्यावे. चार किलोंनी आकड्यात फार फरक पडणार नाही, ही खरी गोष्ट आहे. पण साखर, रक्तदाब आणि दम ह्यांत फरक त्याआधीच जाणवू लागतो, आणि वजन उतरत राहिले की संप्रेरकही मागोमाग चढते.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वरच्या वर्गांतली मुले पिळदार दंडांची चित्रे मोबाईलवर पाहतात आणि प्रश्न तुम्हाला न विचारता तालमीतल्या एखाद्या दादाला विचारतात. शरीरशास्त्राच्या तासाला हा धडा घाईने उरकू नका. टाकी आणि मोटर फळ्यावर काढा. बाहेरून पाणी भरले की मोटर बंद पडते, एवढे एक चित्र पोराच्या डोक्यात राहिले, तरी उद्या कोणी सुई पुढे केली की तो क्षणभर थांबेल आणि घरी येऊन विचारील.